जग बुडाल्यावर सायकल कुठे जाते

जग बुडालं की सगळ्यात आधी सायकली नाहीशा होतात, हे मला अंजनीबाई लांजेवारांनी दाखवून दिलं. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी स्वतःला वाचणारा माणूस समजतो. रांझी या हिंदी मुलखातल्या फॅक्टरीच्या गावात आमचं मराठी मंडळ आहे, त्याचं वाचनालय माझ्याकडे आहे. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि त्यांच्या किल्ल्या. पण जे आहे ते मी वाचलेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं भिकार आहे हेही मी सांगू शकतो.

अंजनीबाई आमच्या शेजारी. इथल्या सरकारी फॅक्टरीत लष्कराचे ट्रक बनतात, त्या ट्रकांच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवायच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, त्या नोकरीला होत्या. हिवाळ्यातल्या रविवारी मटाराच्या शेंगांची पिशवी घेऊन त्या आमच्या अंगणात यायच्या. उन्हात बसायचं, माझी बायको राजश्री आणि त्या मिळून शेंगा सोलायच्या, आणि मध्ये परातीच्या काठाला टेकवून ठेवलेला मोबाईल मोठ्याने बोलत असायचा. मोबाईलवर त्यांच्या मुलाची, सुशांतची, मालिका चालू असे. ऐकायची मालिका. आजकाल अशी अॅपं निघाली आहेत. बघायला काही नाही, नुसतं कानांनी ऐकायचं. सुशांत तिथे हिंदीत लिहितो. मालिकेचं नाव ‘राख के बाद का शहर’. आकाशातून काहीतरी पडलं, सगळे लोक मेले, वीज गेली, सरकार गेलं, आणि उरलेल्या राखेतून कॅप्टन शौर्य नावाचा एक माणूस जीप पळवत राहिला. तो जीप पळवतो, पेट्रोल संपतं, पेट्रोलसाठी मारामारी होते, पेट्रोल मिळतं, तो पुन्हा जीप पळवतो. असे शेकड्याने भाग झाले आहेत आणि लोक ते ऐकतात.

एका रविवारी कॅप्टन शौर्य अशाच कुठल्या तरी ओसाड पेट्रोलपंपावर गोळ्या झाडत असताना अंजनीबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“रत्नाकरभाऊ, मले एक सांगा. सगळे मेले. दुकानं उघडी पडली. मंग सायकली कोणं नेल्या?”

मी हसलो. नंतर घरात जाऊन विचार करायला लागलो आणि हसू मावळलं. वाचनालयातल्या प्रलयाच्या कादंबऱ्या काढल्या, मराठी, हिंदी, इंग्रजीतून आलेल्या, सगळ्या चाळल्या. एकीतही सायकल नाही. नायक फाटक्या बुटांनी कोसच्या कोस पायी चालतो. घोड्यावर बसतो, शहर जळून गेल्यावर हा घोडा चारा कुठला खातो ते लेखक सांगत नाही. जीप, ट्रक, रणगाडा, एका ठिकाणी तर रेल्वेचं इंजिनसुद्धा. वर्षानुवर्षं टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल चावी फिरवताच पेट घेतं. माझी स्कूटर दिवाळीत नागपूरला जाऊन येईपर्यंत उभी राहिली तर मेकॅनिकला घरी बोलवावं लागतं. आणि या सगळ्या बुडालेल्या जगात, जिथे माणसाला फक्त दोन पाय आणि थोडी हवा लागेल असं वाहन प्रत्येक गल्लीत भिंतीला टेकवलेलं असणार, तिथे एकालाही त्याची आठवण होत नाही. शहाणे लोक. जग संपवायला बसतात आणि घरासमोरच्या दुकानातलं एक वाहन यांना दिसत नाही.

मी सुशांतला विचारलं. तो त्या दिवशी कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून कोथिंबीर घेऊन मोटरसायकलने आला होता. कोपरा आमच्या फाटकातून दिसतो.

त्याने मला दोन कारणं दिली. एक, मालिका ऐकायची आहे. जीप आली की इंजिनाचा आवाज देता येतो, ऐकणाऱ्याच्या छातीत धडधड होते. सायकल आली तर काय ऐकवणार, चेनची करकर? दुसरं कारण त्याने हसत सांगितलं. “अंकल, हीरो सायकल पे आएगा ना, तो लोगों को लगेगा दूधवाला आया है.”

हे कारण मला पटलं, म्हणजे खरं वाटलं. जग बुडतं, माणसं मरतात, सरकारं जातात, पण दूधवाल्यासारखं दिसायची लाज काही मरत नाही. या लेखक मंडळींना अख्ख्या मानवजातीचा नाश सुचतो. स्वतः पायडल मारताना दिसणं मात्र सुचत नाही.

अंजनीबाईंना दुसरं कारण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोराची धडगत नव्हती.

त्यांच्याविषयी आता नीट सांगायला हवं. त्या मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या, तुमसरच्या बाजूच्या. बळीराम लांजेवारांशी लग्न होऊन रांझीला आल्या. बळीराम फॅक्टरीत होता. शांत माणूस, माझा मित्र. सुशांत शाळेतही जायला लागला नव्हता तेव्हा बळीराम काविळीने गेला. सासरचे तुमसरहून आले, रडले, आणि जाताना म्हणाले की सामान बांध, चल. अंजनीबाई म्हणाल्या, मी जात नाही. अनुकंपा नियुक्ती म्हणून नवऱ्याच्या जागी फॅक्टरीत नोकरी मिळत होती. ती त्यांनी धरली.

फॅक्टरीचं गेट क्वार्टरांपासून चालत जायला लांब, बसच्या वेळा पाळ्यांशी जुळत नसत. पुरुष सगळे सायकलने जायचे. तेव्हा पाळी सुटल्याचा हूटर झाला की गेटातून सायकलींचा असा लोंढा निघे की रस्ता ओलांडायला थांबून राहावं लागे. त्या लोंढ्यात बाई एकही नव्हती. अंजनीबाईंनी ठरवलं की आपण असू.

क्वार्टरांमागच्या मैदानात भल्या पहाटे त्या शिकल्या. राजश्री मागून सीट धरून पळायची. खिडक्यांमधून अर्धी कॉलनी बघायची, आणि ज्यांना झोपेतून उठून बघता यायचं नाही ते दिवसभरात दुसऱ्यांकडून ऐकून घ्यायचे. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि बाई सायकलवर, असं बोलणारी माणसं कोण होती ती मला नावानिशी माहीत आहेत. त्यांच्या नाती आज हेल्मेटच्या आत फोन खुपसून स्कूटीवरून जातात आणि तीच माणसं गाडीचा रंग छान आहे म्हणतात. तेव्हा मंडळाच्या बैठकीतही कोणीतरी हा विषय काढला होता. मंडळाने गणपतीच्या वर्गणीपलीकडे कुठल्याही विषयावर कधी धड निर्णय घेतलेला नाही, त्यामुळे तो तसाच राहिला.

अंजनीबाई पडल्या, कोपरं सोलून घेतली, आणि एक दिवस लोंढ्यात शिरल्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, डब्याची पिशवी हँडलला. मग निवृत्त होईपर्यंत त्यांनी दुसरं वाहन केलं नाही. मधल्या काळात तो लोंढा आटत गेला. सायकलींच्या जागी मोटरसायकली आल्या. फॅक्टरीच्या आतला भलामोठा सायकल स्टँड ओस पडला. शेवटी शेवटी तिथे मोजक्या सायकली असायच्या, त्यातली एक अंजनीबाईंची.

त्यांची जीभ तिखट होती आणि त्यांना ते माहीत होतं. शॉपच्या फोरमनने एकदा सीटेची शिलाई वाकडी आहे म्हटलं, तर त्यांनी त्याला भर शॉपमध्ये त्या सीटेवर बसायला लावलं आणि विचारलं, कुठं टोचून राहिलं ते सांगा साहेब. मोटरसायकलवरून शेजारच्या ब्लॉकमध्ये जाणाऱ्यांना त्या पाहुणे म्हणायच्या. जिममध्ये जाऊन जागच्या जागी पायडल मारणाऱ्यांविषयी त्या काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचं पटायचं त्याचं कारण हेच. मलाही माणसांचा फार लवकर कंटाळा येतो.

पण सुशांतच्या बाबतीत या बाईचं वेगळंच होतं. त्याच्यासाठी शाळेची रिक्षा लावलेली होती. ओव्हरटाईम करायच्या, पण रिक्षा बंद केली नाही. तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हा पुस्तकांच्या आधी मोटरसायकल घरी आली. पेढे घेऊन त्या आमच्याकडे आल्या होत्या. निकालाचे पेढे त्यांनी वाटले नव्हते, गाडीचे वाटले. पुढे सुशांत जवळच्याच रिछाईतल्या एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागला, काही महिन्यांत सोडून घरी बसला आणि लिहायला लागला. तेव्हापासून आईने त्याला फाडून खायला सुरुवात केली. “पेट्रोल संपलं की याचंही जग बुडते,” असं त्या त्याच्यासमोर म्हणायच्या.

तो उलट बोलत नसे. प्रत्येक नवा भाग तो आईला सगळ्यांच्या आधी पाठवायचा. त्याला हजारो लोक ऐकतात, पण त्याला हवं होतं ते एका माणसाचं बरं म्हणणं, आणि ते माणूस मटर सोलत सोलत त्याच्या कॅप्टनची खिल्ली उडवायचं. राजश्री एकदा बोलली त्यांना की एकदा तरी चांगलं म्हणा पोराला. अंजनीबाई म्हणाल्या, चांगलं लिहील तेव्हा म्हणीन. जगात सायकल नाही आणि म्हणे जग.

मग त्यांची निवृत्ती जवळ आली.

आमच्या फॅक्टरीत निवृत्त होणाऱ्याला घरी पोचवायची रीत आहे. शेवटच्या दिवशी शॉपमध्ये हार, शाल, नारळ होतात. मग गेटबाहेर फुलांनी सजवलेली गाडी उभी असते, तिच्यात त्या माणसाला बसवायचं, पुढे ढोल, गुलाल, आणि शॉपची मंडळी नाचत नाचत त्याला दारापर्यंत आणून सोडतात. जन्मभर ज्याने मान खाली घालून काम केलं तो त्या दिवशी नवरदेवासारखा बसलेला असतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव असतो. मी असल्या मिरवणुका खूप पाहिल्या आहेत. एकीचंही कौतुक वाटलेलं नाही.

अंजनीबाईंनी शॉपमध्ये सांगून टाकलं की गाडी नको. सायकलने आले, सायकलने जाईन. यावर शॉपचे लोक दुखावले. त्यांच्यातले पुढारी रामकृष्ण पटेल, अंजनीबाईंच्या शेजारच्या मशीनवर बसणारे, स्वतः घरी आले. म्हणाले, दीदी, गाडीशिवाय पाठवलं तर दुसऱ्या शॉपचे लोक आम्हाला काय म्हणतील? म्हणजे मान अंजनीबाईंचा, आणि काळजी दुसऱ्या शॉपच्या लोकांची. अंजनीबाईंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणाल्या.

सुशांतने मात्र ऐकलं नाही. लग्नात नवरदेव मिरवतात तसली उघडी, लाल जीप त्याने परस्पर ठरवून टाकली होती. आईला त्याने आमच्या अंगणातच सांगितलं, कदाचित आमच्यासमोर ती कमी बोलेल अशा आशेने. आशा फोल होती. त्या बराच वेळ बोलल्या. कॅप्टन शौर्यचं मढं त्या जीपमधून काढा असंही म्हणाल्या. तो ऐकत उभा राहिला आणि मग म्हणाला, “बाबांची विदाई नाही झाली, आई. ते तसेच गेले. तुझी तरी होऊ दे.”

 अंजनीबाईंनी हातातली शेंग उगीच मोडली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. बसतो तुह्या जीपमंदी.”

निवृत्तीच्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे सायकलने ड्युटीवर गेल्या. सायकल स्टँडमध्ये लावली, शॉपमध्ये गेल्या. दुपारी हार झाले, शाल झाली, रामकृष्णांचं भाषण झालं. फॅक्टरीत आत-बाहेर करायचा पास असतो. तो निवृत्तीच्या दिवशी जमा करावा लागतो. तो त्यांनी जमा केला. मग हारांनी गळा भरलेल्या अंजनीबाई गेटबाहेर आल्या आणि जीपमध्ये बसल्या. ढोल वाजायला लागला.

ती मिरवणूक घरी यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अंजनीबाई सायकलने येऊन, हातपाय धुऊन, स्वयंपाक करून मोकळ्या झाल्या असत्या. पुढे गुलालात बरबटलेले लोक, मागे हॉर्न वाजवणाऱ्या मोटरसायकलींची रांग, मध्ये त्या. सुशांत ड्रायव्हरच्या बाजूला उभा राहून फोनवर सगळं टिपत होता आणि खूश होता. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. दारात जीप थांबली. उंच जीप, खाली पायरी नाही, आणि जमिनीवर झेंडूचा चिखल. अंजनीबाई उतरताना घसरल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. इतकी वर्षं त्या फॅक्टरीच्या रस्त्यावर सायकल चालवत होत्या आणि एकदाही पडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायाला पट्टी बांधून चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “मंग सायकल?”

सायकल फॅक्टरीत होती. आत, स्टँडमध्ये. ट्रक बनवणाऱ्या त्या एवढ्या लोकांमध्ये, हार आणणाऱ्यांमध्ये, नाचणाऱ्यांमध्ये, मुलामध्ये, खुद्द अंजनीबाईंमध्ये, कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की जीपने घरी जायचं तर सायकल कोण आणणार. आणि आता त्यांच्याकडे पास नव्हता. पासशिवाय आत जाता येत नाही. आत गेल्याशिवाय सायकल आणता येत नाही. सुशांत मोटरसायकलवर गेटावर जाऊन आला. तिथल्या रखवालदारांनी सांगितलं की सायकल जिची आहे तिने पास घेऊन यावं. तो म्हणाला, तिचा पास तुम्हीच काल घेतला. ते म्हणाले, मग ती आत कशी येणार? हे संभाषण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तेव्हा तो परत आला.

त्यानंतर रामकृष्णांचा फोन आला की सुरक्षेच्या लोकांनी सायकलभोवती दोरी बांधली आहे. संरक्षण खात्याच्या आवारात बेवारस वस्तू सापडली तर तसा नियम आहे म्हणे. अंजनीबाई म्हणाल्या, “मी शिवलेल्या सीटांवर बसून हे लोक सीमेवर गेले. आता माह्या सायकलले भेऊन राहिले.”

एवढं बोलल्या, पण त्यांचं लक्ष कशात लागत नव्हतं. ओट्यावर जिथे सायकल टेकवलेली असायची तिथे त्या दिवसातून कितीतरी वेळा बघायच्या. जेवण निम्मं टाकायच्या. राजश्री रागावली, एका सायकलसाठी एवढं काय, नवी घ्या. तेव्हा त्या म्हणाल्या की नोकरी फॅक्टरीची होती, फॅक्टरीने परत घेतली, मला काही म्हणायचं नाही. पण सायकल माझी आहे. तिच्याशिवाय मला मी कोण ते समजत नाही. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं.

शेवटी रामकृष्णांनीच खटपट केली. साहेबांना भेटले, सायकल दाखवली, दोरी सुटली. ठरलं असं की संध्याकाळी पाळी सुटताना ते स्वतः सायकल गेटबाहेर आणतील आणि घरच्या माणसाने ताब्यात घ्यावी. अंजनीबाईंचा पाय अजून टेकत नव्हता. सुशांत म्हणाला, मी ई-रिक्षात टाकून आणतो. त्यावर अंजनीबाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने त्या फोरमनकडे पाहत असाव्यात. सायकल रिक्षात घालून आणायची? जाताना चालत जा, येताना चालवत आण, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आणि सायकल स्वतः बघायचीच म्हणून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा सुशांत गेटासमोरच्या चहाच्या टपरीजवळ उभा होता. हूटर झाला. मोटरसायकलींचा लोंढा बाहेर आला, आणि त्याच्या कडेने रामकृष्ण सायकल हातात धरून आले. अंजनीबाईंनी स्कूटरवरून हात लांब करून सीटेवर हात फिरवला, ब्रेक दाबून पाहिला. चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं. रामकृष्णांनी हँडल सुशांतच्या हातात दिलं. सुशांतने सायकल अंगापासून लांब धरली आणि तिला ढकलत चालायला लागला.

“चढ ना,” अंजनीबाई म्हणाल्या. “काहून ढकलत चालला?”

तो म्हणाला, गर्दी आहे, पैदलच जाऊ.

“कॅप्टनले जीप पाहिजे वाटते,” अंजनीबाई मोठ्याने म्हणाल्या. टपरीवरचे लोक हसले. हसण्यासारखंच होतं.

सुशांत थांबला. “मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“सायकल.”

रामकृष्णांना आधी समजलं नाही, मग हसू आलं. मलाही आलं. आणि अंजनीबाई तर अशा हसल्या की त्यांना माझा खांदा धरावा लागला. तीस वर्षांचा घोडा, त्या म्हणाल्या, इंजिनिअर, आणि सायकल येत नाही. पाचवीतले पोट्टे चालवतात. त्या टपरीवाल्याला हिंदीतून सांगायला लागल्या की बघा, माझा मुलगा अख्ख्या जगाचा नाश करतो आणि याला सायकल चालवता येत नाही.

सुशांतने सगळ्यांचं हसून होऊ दिलं. मान वर केली नाही.

“पाचवीत मी काढली होती,” तो म्हणाला. “याद है? मैदानात नेली होती. तू रात्रपाळी करून आली होतीस. तू मला त्या दिवशी मारलंस, पहिल्यांदा. आणि म्हणालीस, माझ्या पोराने सायकलला हात लावायचा नाही. मी याच्यासाठी चालवून राहिली का.”

अंजनीबाईंचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, खालून आधार निघून गेल्यासारखं. मग त्या स्कूटरवरून उतरल्या. मी धरायला गेलो तर हात बाजूला केला. जगातल्या कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना सायकल का दिसत नाही यावर मी वाचनालयात बसून पुष्कळ टिंगल केली होती. त्यातल्या एका लेखकापुरतं तरी कारण आता रस्त्यावर एका पायावर उभं होतं.

“तू माह्यासारखा होऊ नये म्हणून म्हटलं होतं मी,” त्या म्हणाल्या.

“मग नाही झालो ना, आई.”

तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर त्यांना उत्तर देता आलं असतं. तशी उत्तरं त्यांच्याकडे खूप होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बळीराम गेला तेव्हा मी त्यांना रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आज.

स्कूटरवर त्या परत बसल्या नाहीत. सायकलच्या दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी हँडल धरलं, दुखऱ्या पायाचा भार सायकलवर टाकला आणि दोघं चालायला लागले, एक इकडून, एक तिकडून. मी स्कूटर हाताने ढकलत मागे मागे गेलो. मोटरसायकली हॉर्न देत दोन्ही बाजूंनी जात होत्या. त्यातला एक ओळखीचा माणूस वेग कमी करून शेजारून गाडी चालवू लागला आणि त्याने विचारलं, पंचर है क्या, दीदी?

सुशांतने हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

“नहीं भैया,” अंजनीबाई म्हणाल्या. “मैंने इसको सिखाई नहीं.”

तो माणूस काही न समजून मान हलवून पुढे निघून गेला.